विहिरीच्या गाळाची सवलत

एका नदीच्या वळणावर एक विद्यापीठ होतं. तिथे वैद्यशाळा होती आणि वास्तुशाळाही. प्रत्येकाने एकच शाळा धरायची, असा नियम होता. एकदा कुमुद नावाची एका साळ्याची मुलगी आली आणि म्हणाली, मला दोन्हींत शिकायचंय.

आचार्यांनी विचारलं, कशासाठी?

"आमच्या गावात माणसं आजारी पडली की वैद्य घरांना दोष देतात आणि गवंडी नशिबाला," कुमुद म्हणाली. "खरं काय ते मला बघायचंय."

आचार्यांना उत्तर आवडलं. त्यांनी तिला एक वर्ष दिलं. दोन विद्या एकत्र शिकून काय साधलं ते वर्षअखेरीस दाखव, नाहीतर एक शाळा सोड, असं बजावलं.

पोरगी भारी चौकस. सकाळी नाडी कशी बघतात ते शिकायची, दुपारी भिंत कशी उभी राहते ते. जाता-येता झाडपाला हुंगायची, दगड ठोकून बघायची. पायाला नुसती भिंगरी. जेवायची मात्र एकटीच, पंगत उठून गेल्यावर.

वैशाखात सगळे विद्यार्थी मिळून विद्यापीठाच्या विहिरीचा गाळ काढत. खाली उतरायचं, चिखलाच्या पाट्या हातोहात वर द्यायच्या आणि जमलं तर एकमेकांना चिखल फासायचा. कुमुदने दोन शाळांचा अभ्यास पुढे करून सवलत मागून घेतली. चिखलात शिकण्यासारखं काय असणार, असं तिला वाटलं. जगातलं सगळं जाणून घ्यायची हौस असलेल्या या मुलीला शेजारच्या खोलीत कोण राहतं हे ठाऊक नव्हतं.

वर्ष संपायला आठ दिवस उरले आणि विद्यापीठात पोटाची साथ आली. अर्धी मुलं अंथरुणाला खिळली. आचार्यांनी कुमुदला बोलावलं. म्हणाले, "तुझी परीक्षा आपणहून चालत आली आहे. कारण शोध."

कुमुदने रोग्यांच्या नाड्या पाहिल्या. दोष पाण्याचा, हे तिने ओळखलं. मग विहीर पाहिली. काठ पक्का, दगड न् दगड जागेवर, पाणी वरून निवळशंख. तीन दिवस ती विहिरीभोवती फिरली आणि शेवटी तिने हात टेकले.

चौथ्या दिवशी वाढपी मुलंही आजारी पडली. पंगतीला वाढायला कोणी उरेना, तेव्हा कुमुदने खिचडीचं भांडं उचललं. गावाकडून नुकताच परतलेला वास्तुशाळेतला भिवा जेवता जेवता सगळ्यांना हसवत होता. गाळ काढताना विहिरीत आपण कसे घसरून पडलो, ते सांगत होता. उत्तरेकडची भिंत तेलकट होती म्हणे, हात ठरेनाच.

कुमुदच्या हातातला डाव थांबला.

"तेलकट? विहिरीची भिंत?"

"हो. का गं?"

ती भांडं तिथेच ठेवून धावली. उत्तरेकडे मुदपाकखान्याची मोरी होती. खरकट्या भांड्यांचं धुवण जमिनीत मुरून भिंतीच्या एका फटीतून विहिरीत झिरपत होतं. इतकी वर्षं ती फट गाळाने बुजलेली होती. यंदा गाळ नेहमीपेक्षा खोलवर काढला आणि ती मोकळी झाली.

मोरी दुसरीकडे वळवली, फट बुजवली, विहीर उपसली. आठवड्याभरात मुलं हिंडूफिरू लागली. आचार्यांनी भर सभेत कुमुदला विचारलं, "दोन विद्यांनी हे साधलं ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तर दोन्ही शाळा तिच्या झाल्या असत्या. कुमुदला मोह झाला. मग पुढच्या रांगेत बसलेला भिवा तिला दिसला.

"नाही, आचार्य," ती म्हणाली. "दोन्ही विद्या घेऊन मी तीन दिवस काठावर बसले होते. खूण भिवाला ठाऊक होती. मी गाळ काढायला गेले असते, तर मलाही ती तेव्हाच कळली असती."

कुमुद मान खाली घालून उभी राहिली. आता कोणती शाळा सोडायची, एवढाच विचार तिच्या मनात होता.

"भिवाला भिंत ठाऊक होती, पण तिचा अर्थ तुला कळला," आचार्य म्हणाले. "दोन्ही शाळा शीक. गाळाची सवलत मात्र आजपासून बंद."

पुढच्या वैशाखात विहिरीत सगळ्यांत आधी कुमुद उतरली. वर आली तेव्हा तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. भिवाने तिला यथेच्छ चिखल फासला होता.

तात्पर्य: विद्या कितीही शिकावी, पण सोबत्यांमध्ये मिसळल्याशिवाय ती कुठे लावायची ते कळत नाही.