थांबदगड

हिरडेगडाच्या माचीवर, पाण्याच्या टाक्याजवळ एक लांबट काळा दगड आहे. माणसांच्या बसण्याने तो वरून गुळगुळीत झाला आहे. गड पाहायला येणारे त्यावर पिशव्या टाकतात, तेव्हा धोंडूआप्पा गुरव हळूच म्हणतात, "पिशवी खाली ठेवा, पाव्हणं. हा थांबदगड. इथं आमच्या गावच्या नवऱ्या बसतात." मग सावलीला टेकून ते जी हकिकत सांगतात, ती अशी.

गडावर शिबंदी होती तेव्हाची गोष्ट. माचीवर पहारेकरी राणोजी नाईकाची मुलगी साळू राहत असे. तिचा शब्द ओठांवर येऊन अडायचा. त्यातही 'स' आला की गळ्याच्या शिरा फुगत, डोळ्यांत पाणी येई. स्वतःचे नाव सांगणेसुद्धा कठीण. बायका हसून म्हणत, "साळूकडं निरोप दिलास? मग पोचंल पुढच्या वर्षी!" हसणाऱ्यांपेक्षा मदत करणारे जास्त वाईट. तिने तोंड उघडले की कोणीतरी वाक्य पुरे करून टाकी आणि ती मान हलवून मोकळी होई. अशाने नको असलेल्या कितीतरी गोष्टींना तिने होकार दिला होता. लोकांना घाई फार. तेव्हाही होती.

घाई नव्हती ती एकट्या सुभानाला. तो कोकणातून मिठाचे बैल घेऊन घाट चढून येई. पहिल्यांदा त्याने टाक्याची वाट विचारली, तेव्हा साळूचा शब्द अडला. सुभानाने पुढचा शब्द सुचवला नाही, नजर वळवली नाही. तो नुसता खाली बसला. वाक्य पुरे झाल्यावर म्हणाला, "बरं," आणि पाणी प्यायला गेला. त्या दिवशी साळू म्हणे घरी जाऊन विनाकारण रडली.

पुढे प्रत्येक खेपेला तो या दगडापाशी थांबू लागला. एका दुपारी त्याने तिला लग्नाचे विचारले. ती दगडावर बसून उत्तर देत राहिली, तो समोर मातीत बसून ऐकत राहिला, आणि तोवर त्याचे बैल कोणाच्या तरी नाचणीत शिरले.

नेमक्या त्याच दुपारी गनीम मागच्या घळीने चढला आणि धान्याचे कोठार पेटवून पसार झाला. वाट कोणीतरी दाखवली असणार. परका माणूस एकच होता. सुभानाला दोरांनी बांधून सदरेपुढे उभे केले. शिक्षा ठरली, कडेलोट.

गडाचा कारभार पाहणारा हवालदार म्हणाला, "भर दुपारी हा कुठं होता, हे सांगणारं कोणी आहे?"

सुभाना गप्प राहिला. साळूचे नाव घेतले तर तिची अब्रू जाईल, एवढेच त्याला कळत होते.

बायकांच्या घोळक्यातून साळू पुढे आली. परक्या पुरुषाचे नाव चारचौघांत घेणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. तिने तोंड उघडले. "सु..." आणि शब्द अडला.

"सरपणाला गेली व्हती ती, सरकार!" राणोजी घाईघाईने म्हणाला. "पोरीला काय ठावं?"

सगळ्यांनी साळूकडे पाहिले. आता ती नेहमीसारखी मान हलवणार. मान हलवली असती तर अब्रू राहिली असती आणि सुभाना गेला असता.

साळूने मान हलवली, पण आडवी.

"बोल की गं लवकर," मागून कोणी ओरडले. "सुगीला गेलीवतीस का?" दुसरा म्हणाला. हवालदार कडाडला, "दुसऱ्याच्या तोंडची साक्ष बाद! तिची तीच बोलंल."

तेव्हा बांधलेला सुभाना, होता तसा मातीत खाली बसला आणि टाक्यापाशी बघे तसा तिच्याकडे बघत राहिला. हवालदाराने ते पाहिले. तोही पायरीवर टेकला. मग शिबंदी बसली, बायका बसल्या, शेवटी राणोजी बसला. साऱ्या गडावर फक्त साळू उभी होती. तिला म्हणे जन्मात पहिल्यांदा वाटले, की पुष्कळ वेळ आहे.

"सु... सु... सुभाना," ती म्हणाली, "मा... माझ्यापाशी होता. ट... टाक्यावर. मी त्याला ह... हो म्हणत होते."

कोणी हसले नाही. हवालदार उठला. "एवढ्या कष्टानं कोणी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "दोर सोडा. आणि राणोजी, पोरीनं नाव घेतलंय. आता लग्न तेवढं लावून टाक."

साळू पुढे पुष्कळ जगली. नातवंडांना दटावतानाही ती अडखळे, आणि नातवंडे दटावणी पुरी होईपर्यंत मुकाट बसत.

आजही गडाखालच्या हिरडेवाडीत लग्न लागले की वरात माचीवर येते. नवरी थांबदगडावर बसते. वाजंत्री सनया मांडीवर ठेवतात. आधी नवरदेव मातीत बसतो, कितीही भारी कपडे असोत, आणि मागोमाग उन्हातान्हात सारी वरात. नवरी नाव घेईपर्यंत कोणी सुचवायचे नाही, हसायचे नाही. कितीही चुरूचुरू बोलणारी मुलगी असली, तरी ती त्या दगडावर क्षणभर गप्प राहते. समोर एवढी माणसे आपल्यासाठी थांबलेली तिने आधी कधी पाहिलेली नसतात.