चितारी आणि बंधाऱ्याची रेघ

फार पूर्वी एका नगरात असा राजा होऊन गेला, की त्याला प्रजेची कुरकुर म्हणून सहन होत नसे. माणसं बाहेर बघतात म्हणून कुरकुरतात, असं त्याच्या डोक्याने घेतलं. झालं! त्याने घरोघरच्या खिडक्या चिणून टाकल्या आणि त्यांच्या जागी चित्रं काढून घेतली. हिरवी शेतं, भरलेलं तळं, वर हसरा सूर्य. रस्त्याने मात्र सगळ्यांनी मान खाली घालून चालायचं.

हळूहळू लोकांच्या ते अंगवळणी पडलं. बायका चित्रातल्या सूर्याखाली पापड वाळत घालू लागल्या. पापडांना बुरशी आली की उडदाच्या डाळीला नावं ठेवायच्या. सूर्याला नावं ठेवायची कुणाची छाती होती?

ही चित्रं काढायचा एक म्हातारा चितारी. रंगाची माती आणायला वेशीबाहेर जायची परवानगी फक्त त्यालाच होती. एके सकाळी माती खणताना त्याला दिसलं, की तळ्याच्या बंधाऱ्याला मोठा तडा गेलाय आणि त्यातून पाणी झिरपतंय. बंधाऱ्याच्या खाली सगळं नगर होतं.

तो धावतपळत प्रधानाकडे गेला.

प्रधानाने विचारलं, "चित्रात तडा आहे का?"

"नाही सरकार, पण..."

"मग तडा नाहीच. आणि तोंड बंद ठेव, नाहीतर हात कलम होतील."

चितारी कामाला निघाला. त्या दिवशी एका आजीबाईच्या चित्रावर रंगाचा नवा हात द्यायचा होता. त्याने रान रंगवलं, तळं रंगवलं, आणि बंधाऱ्यापाशी कुंचला अडला. हे हात गेले तर खायचं काय? पण बघायला माणसंच उरली नाहीत, तर हात राखून तरी काय करायचं? त्याने कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि एक रेघ ओढली.

"अरे, चुकलास का?" आजीबाई म्हणाली. "ही रेघ कसली?"

"नाही आजी. आज पहिल्यांदाच बरोबर काढलंय."

आजीबाईने चित्राकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दिलं हाणून चित्रावर! विटा ढासळल्या. समोर खरा बंधारा होता, आणि त्यावर खरा तडा.

"अगं बायांनो, मुसळं काढा!" तिने गल्ली दणाणून सोडली.

भिंती धडाधड फुटल्या. घटकाभरात सारं नगर टोपल्या-फावडी घेऊन बंधाऱ्यावर जमलं. प्रधान शिपाई घेऊन आला आणि ओरडला, "पकडा त्या चिताऱ्याला!" शिपायांनी तडा पाहिला. त्यांचीही बायकापोरं खालीच राहत होती. त्यांनी भाले टाकले आणि टोपल्या उचलल्या. दिवस मावळायच्या आत तडा बुजला.

इतक्यात राजा आला, रागाने लालबुंद. "ही काय बंडाळी? माझ्या खिडकीतून तर बंधारा धडधाकट दिसतो!"

चिताऱ्याने हात जोडले. "महाराज, प्रधानजींच्या हुकमाने तीही खिडकी मीच रंगवलीय."

राजाने वळून आपल्या महालाकडे पाहिलं. मग त्याने आजीबाईपुढे हात केला. "आजी, तुमचं मुसळ द्या जरा."

दुसऱ्या दिवशी नगरातले पापड खऱ्या उन्हात वाळले, आणि पहिला कुरकुरीत पापड आजीबाईने चिताऱ्याच्या हातावर ठेवला.

तात्पर्य: तडा दिसला तरच बुजवता येतो, म्हणून तो दाखवणाऱ्याचे हात जपावेत.