तीन रिकामी बटणं

"...पण मग ही तीन बटणं रिकामी का ठेवलीस?" इंगवले मास्तरांनी विचारलं.

मयूरेश तोडकर हसला. गुरू आपली परीक्षा घेतायत, एवढं ओळखण्याइतका तो आता मोठा झाला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"मास्तर, तुम्हीच ठेवली होती की."

कोल्हापुरात व्हिडिओ संकलन शिकवणारा इंगवले मास्तरांचा वर्ग पंचवीस वर्षं चालला. आता संस्थेने जुनं सॉफ्टवेअर काढून नवं आणायचं ठरवलं होतं, आणि त्याच निमित्ताने मास्तरांनी घरी बसायचं ठरवलं होतं. त्यांच्या जागी कोण शिकवणार, ते त्यांनीच लिहून द्यायचं होतं. कोरा कागद टेबलावर होता. मयूरेश त्या कागदासाठी पुण्याहून आला होता.

येताना तो नवं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून, कीबोर्डची बटणं लावूनच आला होता. हे बटणांचं प्रकरण वैतागाचं असतं. एका सॉफ्टवेअरमध्ये ज्या बटणाने चित्र कापलं जातं, त्याच बटणाने दुसऱ्यात भलतंच काहीतरी होतं. म्हणून जाणता माणूस नव्या सॉफ्टवेअरवर बसला की आधी सगळी बटणं आपल्या बोटांच्या सवयीप्रमाणे लावून घेतो. मयूरेशने ती मास्तरांच्या सवयीप्रमाणे लावली होती. एकूण एक.

"चार सॉफ्टवेअर बदलली, मास्तर, पण तुमची मांडणी हलू दिली नाही. माझा हात बघून लोक ओळखतात, हा इंगवले मास्तरांचा माणूस."

"ते ऱ्हाऊ दे. ही तीन?"

"डब्ल्यू, एस, एक्स. एकाखाली एक. डाव्या हाताच्या अनामिकेची बटणं." मयूरेश खुर्चीत सरसावून बसला. "तीच तर तुमची खरी शिकवण. माझ्या शिबिरात मी त्यावर दोन तास बोलतो."

"दोन तास?"

"अनामिका म्हणजे जिला नाव नाही ते बोट. बाकीची बोटं काम करतात, हे एक नुसतं साक्षी राहतं. कापायची घाई झालेल्या हाताला ते आवरून धरतं..."

मास्तर ऐकत राहिले. बोलणं सुरेख होतं, हे कबूल केलं पाहिजे. हुशार शिष्यांना हा रोग असतोच. गुरूला शिंक आली तरी ते तिचा अर्थ लावत बसतात.

"हे मी कधी सांगितलं तुला?"

"सांगितलं नाहीत. मी ओळखलं. दुसऱ्या वर्षाला होतो. एक दिवस सकाळी आलो, तर तुम्ही तिन्ही बटणं रिकामी केलेली. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, 'आता त्यांचं काम नाही.' मी डायरीत लिहून ठेवलंय, मास्तर. तारखेसकट."



मास्तरांनी आपला डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. बाकीची बोटं बटणांवर टेकली. करंगळीशेजारचं एक बोट वर राहिलं. ताठ, पेरापाशी वाकडं.

मयूरेश त्या बोटाकडे बघत राहिला.

"दारात चेमटलं," मास्तर म्हणाले. "हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. दीड महिना प्लास्टर होतं. तू इथंच होतास."

"मला... आठवत नाही."

"शेजारच्या खुर्चीत होतास."

"माझं सगळं लक्ष पडद्यावर असायचं, मास्तर."

"व्हय. पडद्यावर बघ म्हणून मीच सांगायचो."

हे ते शांतपणे म्हणाले, पण आवाज कडवट होता, आणि तो कडवटपणा एकट्या मयूरेशवरचा नव्हता. सहा वर्षं खेटून बसलेल्या पोराने आपल्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही, हे त्यांना तेव्हाच लागलं होतं. तरी चार लोकांत त्यालाच आपला सगळ्यांत तयार विद्यार्थी म्हणून त्यांनी मिरवलं होतं.

"किती जणांना शिकवलंस हे?"

"तीनशेच्या वर असतील."

"सगळी रिकामीच ठेवतात?"

"हो... मी तसा दंडकच घातलाय. कुणाचं बोट खाली आलं की ओरडतो मी."



मयूरेशचा चेहरा पार उतरला होता. पण तो खचून बसणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

"एवढंच ना, मास्तर? आत्ता भरतो. दोन मिनिटांचं काम."

बटणांचा तक्ता उघडून त्याने एसच्या बटणावर कापायची आज्ञा बसवली. "झालं. सोमवारपासून तुमच्या वर्गातल्या पोरांना हेच शिकवीन." बोलता बोलता त्याची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली.

"शिकव की," मास्तर म्हणाले. "आधी मला करून दाखव."

त्यांनी वर्गातलं सरावाचं चित्रीकरण लावून दिलं. एस.टी. स्टँडवर गाडी उभी आहे, एक म्हातारी चढते, कंडक्टर दोरी ओढून घंटी देतो. घंटी वाजली की कापायचं. पहिल्या दिवशी आलेली पोरंसुद्धा हे करतात.

"त्याच बोटानं हं."

घंटी वाजली. मयूरेशचं मधलं बोट झटकन गेलं, तेही शेजारच्या बटणावर. म्हातारीसकट अख्खा तुकडा पडद्यावरून उडाला.

"पुन्हा."

या वेळी कुठलंच बोट गेलं नाही. गाडी स्टँडमधून निघूनही गेली.

"पुन्हा."

मयूरेशच्या कपाळावर घाम आला. पडदा सोडून तो आता स्वतःच्या हाताकडे बघत होता. घंटी वाजली. करंगळी दबली, मधलं बोट दबलं. अनामिका वर राहिली... मास्तरांची राहिली होती तशीच.

"सवय नाही, मास्तर... महिनाभरात येईल."

मास्तरांनी कोऱ्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग त्यांनी मयूरेशचा हात आपल्या हातात घेऊन ते बोट हलकेच वाकवून पाहिलं. बोट सहज वाकलं. त्यांनी पुन्हा वाकवलं, पुन्हा सरळ केलं.

"दुखतंय?"

"नाही..."

मास्तरांनी त्याचा हात सोडून दिला.

"माझं तर मोडलं होतं, लेका."