पाय धुऊनच होडीत

थांबा, असेच होडीत चढू नका. आधी त्या दगडी डोणीत पाय धुवा, चपला झाडा. हसा खुशाल, सगळेच पर्यटक हसतात. पण मी या तरीवर, होडीच्या उतारावर बसलेला माणूस, माझी नजर पायांवरच असते.

आमचं गाव म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तरी त्या वाळूच्या टेकाडाखालच्या बावडीला गोडं पाणी आहे. ते कसं टिकलं, ऐका.

शिडाच्या जहाजांच्या काळात एक व्यापारी इथे भात उतरवायचा, असं सांगतात. परतताना रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाला टेकाडाची वाळू भरायचा. आमचा तांडेल, म्हणजे गावच्या होड्यांचा म्होरक्या, म्हणे त्याला म्हणाला, "न्या हो! समुद्र रोज फुकट आणून टाकतो."

गावात येसू नावाची एक विधवा होती, भारी संशयी बाई. रोज बावडीचं पाणी ती चाखून भरायची. एक दिवस तिने तांडेलाला गाठलं. "पाणी मचूळ लागतंय. जहाज गेलं की टेकाड खचतं आणि चव बिघडते. हा मेला वाळू नाही, आपलं पाणी नेतोय."

"तुझं तोंडच कडू गो बाय!" तांडेल म्हणाला, आणि सगळं गाव खो खो हसलं.

पुढच्या खेपेपर्यंत बावडी खारट झाली. पोरंबाळं तहानेने रडू लागली. तेव्हा येसू टेकाडावर जाऊन बसली. पाणी गोडं झाल्याशिवाय उठणार नाही, असा तिने पण केला. मजुरांनी फावडी टाकली. व्यापारी चिडून तळ रिकामा ठेवूनच निघाला आणि खाडीच्या मुखाशी त्याचं जहाज उलटलं. मग तीन दिवस वादळ घोंगावलं. चौथ्या दिवशी टेकाड पुन्हा माडाएवढं उभं होतं आणि बावडी गोडी झाली होती. येसू मात्र कुठेच नव्हती. ती बसली होती तिथे मर्यादवेल पसरली होती, जांभळी फुलं लागलेली. तांडेलाने पहिली ओंजळ प्यायली आणि तो ढसाढसा रडला. इथली वाळू पुन्हा बाहेर जाऊ देणार नाही, अशी त्याने शपथ घेतली.

तो तांडेल माझा पूर्वज. म्हणून हा पहारा आमच्या घराकडे आहे.

आजही बावडीचं पहिलं पाणी मी चाखतो. टेकाड कापून ती नवी हॉटेलं बांधली ना, तेव्हापासून मला ते जरा मचूळ लागतंय. गावात सांगितलं, तर सगळे हसले.

तेव्हा ताई, पर्समधली ती वाळूची बाटली आधी इथे रिकामी करा.