सहा फाटकी घावनं

भांडी माणसांपेक्षा शहाणपणाचं बोलायची, त्या काळातली गोष्ट. एका घरात बिडाचा नवा तवा आला. त्याला जाळीदार घावन काढायचं होतं; पण फाटलं तर सगळी हसतील, म्हणून तो फळीवरच बसून राहिला. अंगावर गंज चढला.

"उद्या तुला भंगारात देणार आहेत," म्हातारं उलथणं म्हणालं. "अब्रू सांभाळलीस, आता जीव सांभाळ."

तवा चुलीवर चढला. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं. कढई फिदीफिदी हसली.

"हसू दे तिला. पळीबाई, पुढचं घाला," तवा म्हणाला.

अशी सहा फाटली. दर घावनाचं तेल मात्र त्याच्या अंगात मुरत गेलं. सातवं कडेनं आपसूक सुटलं, अख्खं.

तव्यानं कढईकडे बघितलंही नाही. तो आठवं मागत होता.