गुलाबी टिकेपर्यंत

फार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट नावाची काचेची उंच नळी राहायची, भारी उतावळी. बारावीतली वृंदा परीक्षेची उजळणी करत होती. ब्युरेटमधला अल्कलीचा थेंब खालच्या चंबूतल्या, रंगसूचक घातलेल्या आम्लात पडला, की गुलाबी रंग चमके आणि विरून जाई. तो फिकटच राहून टिकला, तर प्रयोग साधणार होता. "मेला टिकतच नाही!" म्हणत ब्युरेटने दोनदा भसकन ओतलं. चंबू गडद गुलाबी झाला, प्रयोग वाया गेला. वृंदा रडवेली झाली.

आम्ल आता एकदाच पुरणार होतं. ब्युरेटने तोटी आवळली. रंग विरला तरी ती एकेक थेंबच सोडत राहिली. अखेर फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला.

"एवढ्याशा थेंबाने झालं?" ब्युरेटने विचारलं.

"अगं, झालं आधीच्या थेंबांनी," चंबू म्हणाला. "ह्याचं फक्त दिसलं."