बावन्न पायऱ्यांचा आवाज

“म्हणजे करू का नको, अप्पा? एका शब्दात सांगा.”

असं म्हणून विरूशेठनी दोन्ही हातांनी आपलाच उजवा पाय उचलला आणि तिवईवर सरळ ठेवला. टेकडीवरच्या त्या मठात सगळे जमिनीवर बसतात. पण शेठच्या गुडघ्यासाठी वर्षभर दोन तिवया भिंतीशी ठेवलेल्या असतात, एक बसायला, एक पायाला.

मठातले म्हातारे अप्पा मेथी निवडत होते.

“डॉक्टर काय म्हणाला तुझा?”

“एक कुठला, तीन झाले.”

शेठनी पिशवीतून एक्स-रे काढला आणि उजेडाकडे धरला. तांब्यापितळेच्या दुकानात चाळीस वर्षं गेलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय साधं फुलपात्रही कधी घेतलं नाही. डॉक्टरसुद्धा त्यांनी तसेच वाजवून घेतले होते.

“हे बघा. इथं हाडांच्या मधे गादी असते, ती झिजली. आता हाडावर हाड घासतंय. दोन्ही टोकं तासतात, धातूच्या टोप्या बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. दुसऱ्या दिवशी उभं करतात. पण पुढं दोन-तीन महिने व्यायाम नेटानं करायचा. आळस केला की गुडघा आखडला म्हणून समजा. आणि मांडी घालून बसणं बहुतेक विसरायचं.”

“चांगलं समजून घेतलंस की.”

“घेणारच!”

“मग अडलं कुठं?”

“तिघंही शेवटी एकच बोलतात, अप्पा. जिवाला धोका नाही, घाई नाही. नुसत्या फोटोवर ठरत नाही. तुम्हाला किती सोसतंय, तुमचं काय काय सुटलंय, ते बघा आणि तुम्हीच ठरवा… आता मी दुकानात आलेल्या बाईला म्हणतो का, तुमची घागर गळते की नाही ते तुम्हीच सांगा म्हणून?”

अप्पा खुदकन हसले. मेथीची एक काडी बाजूला पडली.

“बरं. सोसतंय का तुला?”

“सोसतंय की! न सोसायला काय झालं? सकाळी मलम, रात्री गोळी. आज बावन्न पायऱ्या चढून आलोच ना?”

“किती वेळ लागला?”

“अर्धा तास.” शेठनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पण तो माझ्यामुळं नाही हं. आमच्या महानंदाला हल्ली दम लागतो. चार पायऱ्या झाल्या की कठडा धरते. मग मीही थांबतो. एकटीला मागं टाकून कसं यायचं?”

“खरंय.”

“वय झालं तिचं. तिला सांगत नाही मी. वाईट वाटेल.”

अप्पांनी निवडलेली मेथी टोपलीत टाकली.

मग आत हाक मारली. “महानंदा! खालच्या आडाचं पाणी हवं होतं गं देवाला. अर्धी कळशी पुरे.”

“अप्पा!” शेठ तिवईवरून उठू लागले. “अहो, आत्ताच सांगितलं ना मी तुम्हाला? तिचा दम…”

“आणते की,” महानंदाबाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, कळशी कमरेवर घेतली आणि हळूहळू, भिंतीचा आधार घेत, वळणाआड गेल्या.

“मागं एकदा तू डोळे मिटून एक घागर पकडली होतीस,” अप्पा म्हणाले. “चीर लाखेनं बुजवलेली. विकणारा शपथा घेत होता, आणि तू नुसत्या आवाजावर सांगितलंस.”

“हो. पण त्याचं आत्ता काय?”

“मीट डोळे.”

“अप्पा…”

“मीट. आणि ऐक.”

शेठनी डोळे मिटले.

दगडावर जोडवी वाजत होती. टक्, टक्… आणि मग टकटकटक. भराभर. लग्नघरात घरची सून धावते तशी. आवाज खाली गेला, बारीक झाला, बुडाला.

आडाचा रहाट करकरला.

पुन्हा जोडवी. आता वर येणारी. कळशीतलं पाणी डुचमळत होतं, पण पावलं कुठंच अडत नव्हती. दहा पायऱ्या, वीस, तीस. त्यात आणखी एक आवाज मिसळला होता. शेठनी कान टवकारले… महानंदा काहीतरी गुणगुणत होती. घरात तिनं गुणगुणून किती दिवस झाले, हे त्यांना आठवेना.

शेवटच्या वळणाशी गुणगुणणं थांबलं.

जोडवी थांबली.

क्षणभर सगळं शांत. मग पावलं पुन्हा निघाली, एकेक करत, जड जड. आणि धाप सुरू झाली.

“बाई गं!” महानंदाबाई कळशी सावरत दारात आल्या. “जीव गेला बाई माझा. अहो, फार वेळ बसावं लागलं ना तुम्हाला? उतरताना जरा सावकाश जाऊ या हं. माझ्यासाठी.”

शेठनी डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं. होकाराची मान हलवली.

त्या पाणी घेऊन आत गेल्या.

एक्स-रे मांडीवरून घसरून जमिनीवर पडला होता. शेठचं तिकडे लक्षच नव्हतं.

अप्पांनी मेथीची दुसरी जुडी सोडली.

“हं. आता सांग, विरू… सोसतंय कोण?”